विद्यापीठातले जर्मन वर्ग आणि दोन वर्षांत बी२

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या तांत्रिक विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला ऑक्टोबरपासून प्रवेश मिळाला आहे. पुण्यात ए१ झाले आहे (भाषेच्या पातळ्या खालून वर ए१, ए२, बी१, बी२ अशा मोजतात). विद्यापीठात जर्मनचे वर्ग मोफत असतात असे कळते. मग इथे पैसे भरून ए२ करायचे, की तिथे जाऊनच शिकायचे? आणि दोन वर्षांत बी२ होईल का?

ए२ इथेच पूर्ण करून जा. दोन वर्षांत बी२ होऊ शकते, पण फक्त सेमिस्टरमधल्या मोफत वर्गांवर विसंबलात तर होणार नाही. जर्मन अवघड आहे म्हणून नव्हे, तर तासांचा हिशोब जुळत नाही म्हणून. हा हिशोब जाण्याआधी मांडला तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

तिथल्या विद्यापीठात भाषावर्गाची तासिका ४५ मिनिटांची धरतात. सेमिस्टरमधला नेहमीचा वर्ग आठवड्याला ४ तासिकांचा, म्हणजे दोन दिवस दीड-दीड तास. प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे १४ ते १५. हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते, पण तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच होतात. उन्हाळी सेमिस्टरचे एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. म्हणजे एका सेमिस्टरला हातात पडतात ५६ ते ६० तासिका. आता गोएथे-इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाचा अंदाज पाहा. अगदी सुरुवातीपासून मोजले तर ए१ ला ८० ते २००, ए२ पर्यंत २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात.

तुमच्या ए१ च्या साधारण १५० तासिका झाल्या असे धरू. बी२ ला किमान ४५० उरल्या. चार सेमिस्टरच्या मिळून होतात सव्वादोनशे. त्यातले चौथे सेमिस्टर थिसिसचे; त्यात नियमित वर्ग जमवणारे फार थोडे. उरल्या १७० च्या आसपास. एवढ्यात ए२ पार होते आणि बी१ ची सुरुवात होते, त्यापुढे नाही. विद्यापीठे प्रत्येक लेव्हलचे ए२.१, ए२.२, बी१.१, बी१.२ असे तुकडे करतात ते याचमुळे: एका सेमिस्टरला अर्धी लेव्हल.

ए२ पूर्ण करून गेलात तर चित्र बदलते. पहिल्या सेमिस्टरला बी१.१, फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत बी१.२ चा इंटेन्सिव्ह, म्हणजे रोज चालणारा छोट्या मुदतीचा वर्ग, उन्हाळी सेमिस्टरला बी२.१, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरचा इंटेन्सिव्ह किंवा तिसऱ्या सेमिस्टरचा वर्ग, यांपैकी कशात तरी बी२.२. काही विद्यापीठांत बी२ चे तीन तुकडे असतात; तरी एक सुट्टी हाताशी राहते. ए१ वर गेलात तर हेच गणित सप्टेंबरपासून प्रत्येक सुट्टी आणि प्रत्येक सेमिस्टर भरून काढावे लागते, मध्ये एकही परीक्षा न चुकवता. इथल्या दोन महिन्यांची किंमत तिथे निदान एक पूर्ण सेमिस्टर आहे, म्हणून इथे खर्च झालेले पैसे वाया जात नाहीत.

विद्यापीठातले सगळे जर्मन वर्ग एकाच प्रकारचे नसतात, आणि चुकीच्या प्रकारात अर्ज करणे ही नेहमीची चूक आहे. एक प्रकार प्रवेशपूर्व वर्गांचा. ज्यांना जर्मन माध्यमातून पदवी करायची आहे आणि भाषेच्या अटीवर प्रवेश मिळाला आहे त्यांच्यासाठी ते असतात. आठवड्याला २० ते २५ तासिका, वेगळी फी आणि शेवटी डीएसएच ही विद्यापीठ-प्रवेशाची भाषापरीक्षा. हे तुमच्यासाठी नाहीत. दुसरा प्रकार नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांसाठी सेमिस्टरभर चालणाऱ्या वर्गांचा; हे बहुधा मोफत किंवा नाममात्र फीचे असतात. तिसरा, सुट्टीतले तीन-चार आठवड्यांचे इंटेन्सिव्ह: रोज सकाळी चार-पाच तासिका, एकूण ८० ते १००. यांना अनेक ठिकाणी काहीशे युरो पडतात. चौथा प्रकार बी१ नंतर उघडतो: तांत्रिक जर्मन, उच्चार, शास्त्रीय लेखन, नोकरीचे अर्ज आणि मुलाखत. या सगळ्याचा कारभार पाहणाऱ्या विभागाला बहुतेक ठिकाणी श्प्राखेनत्सेंट्रुम, म्हणजे भाषाकेंद्र म्हणतात. संकेतस्थळावर शोधताना 'डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राखे', म्हणजे 'परभाषा म्हणून जर्मन', हा शब्दप्रयोग शोधा. इंग्रजी पानावर वेळापत्रक पुष्कळदा अपुरे असते.

सर्वांत जास्त जागा हुकतात त्या नोंदणीत. इथे एक साखळी आहे आणि मधली एक कडी निसटली की पुढचे सगळे थांबते. आधी सेमिस्टरची वर्गणी भरलेली हवी. मग तिथल्या आरोग्य विमा संस्थेने तुमच्या विम्याची स्थिती विद्यापीठाला थेट डिजिटल कळवलेली हवी. हा संदेश 'एम १०' या नावाने ओळखला जातो आणि तो तुम्हाला स्वतः पाठवता येत नाही, विमा संस्थेकडेच मागावा लागतो. या दोन्हींनंतर इमाट्रिकुलात्सिओन, म्हणजे अधिकृत नावनोंदणी. त्यानंतर विद्यापीठाचे लॉगिन. लॉगिन असेल तरच पातळी ठरवणारी चाचणी देता येते आणि चाचणीचा निकाल असेल तरच वर्गाला नाव घालता येते. ज्यांचा व्हिसा उशिरा येतो त्यांचे विम्याचे काम मागे पडते, आणि लॉगिन हाती येईपर्यंत ए१, ए२, बी१ चे वर्ग भरून गेलेले असतात. व्हिसाची वाट पाहतानाच विमा संस्थेशी पत्रव्यवहार सुरू करा. नावनोंदणी ऑनलाइन करता येत असेल तर भारतातूनच उरका.

भाषावर्गाची नोंदणी आणि मुख्य विषयांची नोंदणी यांच्या तारखा वेगळ्या असतात. ती ठरावीक दिवशी ठरावीक वेळेला उघडते. सप्टेंबरमध्ये आपण तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की साडेचार. तिथल्या सकाळी १० ला नोंदणी उघडणार असेल तर सप्टेंबरात इथे दुपारचा दीड वाजलेला असतो. त्या वेळी बसायला वेळ राखून ठेवा. 'उद्या बघू' म्हणणाऱ्याला जागा मिळेल याची खात्री नाही.

जागा मिळाली नाही आणि नाव प्रतीक्षायादीत गेले तरी पहिल्या तासाला जाऊन बसा. बऱ्याच केंद्रांत पहिल्या तासाला न आलेल्याचे नाव कापून ती जागा हजर असलेल्या प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्याला देतात. हाच नियम उलटाही लागू होतो: जागा मिळालेली असून पहिला तास चुकवलात तर ती गेली. अडचण असेल तर शिक्षकांना आधी दोन ओळींचा ईमेल टाका. आणि वर्ग सोडायचा असेल तर मुदतीत नाव काढून घ्या. नुसते येणे बंद केले तर काही केंद्रे पुढच्या सेमिस्टरला नोंदणी अडवतात.

आता चाचणी. अनेक विद्यापीठे ऑनसेट नावाची ऑनलाइन चाचणी वापरतात. आठ छोटे उतारे, प्रत्येकात २० अपुरे शब्द, प्रत्येक उताऱ्याला ५ मिनिटे, एकूण १६० गुण. या प्रकाराला सी-टेस्ट म्हणतात. यात ठरावीक अंतराने शब्दांचा उत्तरार्ध खोडलेला असतो. मराठीत केले तर असे दिसेल: 'काल संध्या___ अचानक पा___ आला, म्हणू___ आम्ही घ___ थांबलो.' ज्याला भाषा येते तो एका दमात भरतो. ज्याने नुसते नियम पाठ केले आहेत तो अडखळतो. स्पेलिंग आणि शेवटचा प्रत्यय दोन्ही अचूक लागतात. उतारे पुढेपुढे अवघड होत जातात, त्यामुळे शेवटचे दोन कोरे राहिले तरी घाबरू नका. चाचणीच्या आधी दोन आठवडे ए१-ए२ चे धडे मोठ्याने वाचून काढले तर खरी पातळी निकालात दिसते. वर्ष-दीड वर्षापूर्वीचे प्रमाणपत्र आणि मधल्या काळात एकही शब्द नाही, अशा अवस्थेत दिली तर अर्धी लेव्हल खाली येणे स्वाभाविक आहे.

'माझ्याकडे ए२ चे प्रमाणपत्र आहे, मग चाचणी कशाला?' असे अनेकजण विचारतात. काही केंद्रे अलीकडचे प्रमाणपत्र मानतात, काही सगळ्यांचीच चाचणी घेतात. केंद्राची बाजू समजण्यासारखी आहे: वीस जणांच्या वर्गात पाच जण मागे पडले तर बाकीच्यांचे सेमिस्टर वाया जाते. चाचणी भाषांतराच्या ॲपच्या मदतीने सोडवू नका. वरच्या वर्गात जागा मिळेल, दुसऱ्या आठवड्यात काहीच कळेनासे होईल, आणि तोवर खालचा वर्ग भरलेला असेल.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. अकरावी-बारावीला गुण मिळतात म्हणून जर्मन घेतलेले, किंवा इथे इंग्रजीतून समजावून घेत व्याकरण पक्के केलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांचे वाचन आणि व्याकरण कानांच्या पुढे गेलेले असते. सी-टेस्ट लिखित ज्ञान मोजते, त्यामुळे ती त्यांना त्यांच्या ऐकण्याच्या क्षमतेपेक्षा वरच्या वर्गात टाकते. तिथे वर्ग पहिल्या दिवसापासून जर्मनमधूनच चालतो, कारण वर्गात चीन, ब्राझील, इराण, तुर्की, स्पेन अशा सगळीकडचे विद्यार्थी असतात आणि शिक्षक कुणाच्याच भाषेत भाषांतर करत बसत नाहीत. पहिल्या तासाला शिक्षकांच्या सूचना, म्हणजे 'पान उघडा', 'जोडीदाराला विचारा', 'वाक्य पूर्ण करा', एवढेही कळत नसेल तर त्याच आठवड्यात खालचा वर्ग मागा. यात कमीपणा नाही. एक पायरी खाली उतरून घट्ट पाय रोवणारा दोन सेमिस्टरनंतर पुढे असतो.

वर्गाची अट साधारण अशी: ७५ ते ८० टक्के हजेरी, गृहपाठ आणि शेवटी लेखी परीक्षा, कधी तोंडीही. श्रेणी १.० ते ५.० अशी, १.० सर्वोत्तम, ४.० ला पास. क्रेडिट मिळतात, पण ती तुमच्या मास्टर्समध्ये धरली जातील की नुसतीच गुणपत्रिकेवर दिसतील हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या प्रुफुंग्सऑर्डनुंगमध्ये, म्हणजे परीक्षा नियमावलीत, लिहिलेले असते. ते पहिल्याच आठवड्यात पाहा. क्रेडिटचा खरा अर्थही समजून घ्या. एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचे काम. चार क्रेडिटचा वर्ग म्हणजे १२० तास. त्यातले वर्गात जातात ४२. उरलेले ७८ तास १४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेपाच तास घरचा अभ्यास. हे साडेपाच तास वेळापत्रकात नसतील तर वर्गात बसून लेव्हल पुढे सरकत नाही.

गळती बहुधा सेमिस्टरच्या मध्यावर लागते. मुख्य विषयांच्या लॅब आणि असाइनमेंट तेव्हा सुरू होतात, दोन तास चुकतात, मग हजेरीची भीती वाटते आणि वर्ग सुटतो. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा चाचणी, पुन्हा खालची लेव्हल. यावर एकच गोष्ट खात्रीने चालते: वैकल्पिक विषय निवडण्याआधी जर्मनचे दोन दिवस वेळापत्रकात बसवायचे आणि विषय त्याभोवती निवडायचे. संध्याकाळी सहानंतरचा वर्ग मिळाला तर घ्या. त्या वेळी लॅब क्वचित असतात.

सुट्टीतल्या इंटेन्सिव्हचे पैसे भरण्याआधी परीक्षांच्या तारखा पाहायलाच हव्यात. जर्मनीत तास संपले म्हणजे परीक्षा संपल्या असे नसते. काही विभाग दोन-तीन आठवड्यांत सगळ्या परीक्षा उरकतात, काही ठिकाणी त्या मार्चअखेरपर्यंत पसरलेल्या असतात. रोज पाच तासिकांचा वर्ग आणि त्याच आठवड्यात दोन मोठ्या परीक्षा एकत्र जमत नाहीत. इंटेन्सिव्ह सहसा दोन-तीन वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. परीक्षांच्या मागची तुकडी निवडा. सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या, सप्टेंबरमधल्या इंटेन्सिव्ह तुकडीला नाव घालताना फी परत मिळण्याची अट वाचा, कारण व्हिसा लांबला तर तुम्ही ३० सप्टेंबरला अजून मुंबईच्या विमानतळावरच असू शकता. विद्यापीठात जागाच मिळाली नाही तर गावातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढशिक्षण केंद्रात, संध्याकाळचे वर्ग असतात. ते मोफत नसतात, पण खासगी क्लासपेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि तिथे विद्यार्थ्यांना सवलत मिळते का ते विचारून घ्यावे.

आता भाषेबद्दल, कारण इथे मराठी माणसाकडे एक ठेवा आहे आणि तो बहुतेकजण वापरत नाहीत. आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीवरून वळवतो. पुष्कळ ठिकाणी मराठीवरून वळवले तर वाट जवळची आहे.

आकडे घ्या. इंग्रजीवाल्याला 'आइनउंडत्स्वानत्सिश' उलटे वाटते: आधी एक, मग वीस. आपण 'एकवीस' असेच म्हणतो. पस्तीस म्हणजे पाच आणि तीस, जर्मनमध्येही तसेच. फोन नंबर ऐकताना डोक्यात मराठी आकडे ठेवा. 'मला थंडी वाजते' हे 'मिअर इस्ट काल्ट': दोन्हीकडे 'मला'. इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' म्हणणारा 'मी थंड स्वभावाचा आहे' असे काहीतरी बोलून बसतो. 'मला ते आवडते' म्हणजे 'डास गेफेल्ट मिअर', पुन्हा चतुर्थी. उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते याची इंग्रजीतून शिकणाऱ्यांना धास्ती असते. पण 'कारण मला आज वेळ नाही' यात आपलेही क्रियापद शेवटीच आहे. 'वाईल इश हॉयटे काइने त्साइट हाबे', शेवटी 'हाबे'. आणि तू-तुम्हीचा फरक आपल्या रक्तातच आहे: विद्यार्थ्यांत 'डू', शिक्षकांशी आणि कार्यालयात 'झी'.

पण मराठी दोन ठिकाणी फसवतेही. पहिले विभक्ती. शाळेत 'स, ला, ते. स, ला, ना, ते' म्हटलेले आठवा: द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय आपल्याकडे सारखेच. 'मी त्या माणसाला पाहतो' आणि 'मी त्या माणसाला मदत करतो', दोन्हीकडे 'ला'. जर्मनमध्ये पहिले 'डेन मान', दुसरे 'डेम मान'. कान सारखाच ऐकतो, म्हणून मराठी विद्यार्थी ए२ पासून बी२ पर्यंत ही एकच चूक करत राहतात. उपाय क्रियापदाबरोबर विभक्ती पाठ करण्याचा. हेल्फेन, डांकेन, आन्टवोर्टेन, गेफालेन, गेह्योरेन, पासेन ही चतुर्थी घेतात. 'त्याला विचारणे' म्हणजे फ्रागेन आणि 'त्याला फोन करणे' म्हणजे आनरूफेन, मात्र यांना द्वितीया लागते, आपल्या 'ला'वर जाऊ नका. दुसरे लिंग. आपल्याकडेही तीन लिंगे आहेत म्हणून सोपे जाईल असे वाटते, पण शब्दागणिक ती जुळत नाहीत. चमचा पुल्लिंगी तिथेही, 'डेर ल्योफेल'. पण काटा तिथे 'डी गाबेल' म्हणून स्त्रीलिंगी आणि सुरी 'डास मेसर' म्हणून नपुंसकलिंगी. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. शब्द वहीत लिहिताना आर्टिकल (डेर, डी, डास) आणि अनेकवचन यांच्याशिवाय लिहायचाच नाही.

मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, ही सवय मात्र नव्याने लावावी लागते. 'हॉयटे गेहे इश', 'आज' आधी आले की 'मी' क्रियापदाच्या मागे. आपण घाईत 'हॉयटे इश गेहे' म्हणतो. हे नियम सांगून जात नाही, रोज दहा वाक्ये 'आज', 'उद्या', 'नंतर', 'तिथे' यांनी सुरू करून मोठ्याने म्हटली तर दोन-तीन आठवड्यांत जाते.

उच्चारांत 'त्साइट'मधला पहिला ध्वनी 'चाक', 'चूल' यांतला च आहे, 'चहा'तला नव्हे. हिंदी भाषकाला जो कष्टाने शिकावा लागतो तो आपल्याला जन्मापासून येतो. शब्दाच्या शेवटचा ग क होतो, ड चा ट होतो. 'शोन' म्हणजे 'आधीच' आणि 'श्योन' म्हणजे 'सुंदर'. देवनागरीत हा दुसरा स्वर नीट लिहिता येत नाही, तो काढायला ओठ 'ओ'चे ठेवून जीभ 'ए'ची ठेवायची. तसेच ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवली की 'यू'सारखा ऐकू येणारा दुसरा स्वर येतो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतो, तिथे तसे चालत नाही: 'मिटे' म्हणजे मध्य, 'मीटे' म्हणजे घरभाडे.

बी१ नंतर बहुतेकांची गाडी अडते, आणि त्याचे कारण समजले तर धीर येतो. बी१ पर्यंत व्याकरणाची नवी दारे उघडत असतात: भूतकाळ, कारणवाचक वाक्ये, कर्मणी प्रयोग, संकेतार्थ. प्रत्येक आठवड्याला प्रगती दिसते. बी२ मध्ये नवे व्याकरण कमी आणि शब्दसंपदा प्रचंड. क्रियापदांऐवजी नामांनी भरलेली लांब वाक्ये, ठरावीक नाम-क्रियापद जोड्या, दोन ओळींचे विशेषण. हे वर्गातल्या ५६ तासिकांत भरून येत नाही. रोजचे वाचन-ऐकणे लागते. तुमच्या विषयाच्या जर्मन व्याख्यानाला बसा, क्रेडिटसाठी नव्हे, कानांसाठी. इंग्रजीतून आधीच माहीत असलेला विषय निवडा, म्हणजे आशय माहीत असतो आणि लक्ष शब्दांवर राहते. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या मोफत बातम्या हळू गतीने वाचलेल्या मिळतात. त्या उताऱ्यासह ऐकता येतात.

इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, भारतीय मित्रांचे घर आणि इंग्रजीतली लॅब, अशात आठवड्याला तीन तास सोडले तर जर्मन कानावर पडतच नाही. भारतीय विद्यार्थी आता जर्मनीतला परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट आहेत, २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला ते ४९ हजारांहून अधिक होते. त्यामुळे मराठीत पूर्ण दिवस काढणे सहज शक्य आहे. भाषाकेंद्रात टँडम जोडीदार, म्हणजे एकमेकांची भाषा शिकवणारा साथी, जुळवून देतात. ४५ मिनिटे जर्मन, ४५ मिनिटे इंग्रजी असे घड्याळ लावून बसा. घड्याळ नसेल तर दोघेही सोप्या भाषेकडे, म्हणजे इंग्रजीकडे घसरतात. जोडीदाराला एका भेटीत एकाच प्रकारची चूक दुरुस्त करायला सांगा, उदाहरणार्थ फक्त 'डेन-डेम'.

प्रमाणपत्राचा मुद्दा उशिरा कळतो म्हणून इथेच सांगतो. विद्यापीठाच्या वर्गाचा दाखला विद्यापीठात चालतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात सहसा गोएथे, टेल्क किंवा तत्सम मान्य परीक्षेचे प्रमाणपत्र मागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, कायम वास्तव्य बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येते, केवळ ए१ असेल तर २७ महिन्यांनी. नागरिकत्वालाही बी१ लागते. म्हणून बी१.२ चा वर्ग संपला की लगेच, शब्द ताजे असताना, बी१ ची बाहेरची परीक्षा द्या. गोएथेची बी१ चार स्वतंत्र भागांची आहे, प्रत्येक भागात १०० पैकी ६० हवेत, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बी२ चेही तसेच. नोकरीच्या जाहिरातींत मात्र प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीतली पहिली पाच मिनिटे मोजली जातात. त्यासाठी तिसऱ्या सेमिस्टरला 'बेवेर्बुंग', म्हणजे नोकरीच्या अर्जांचा, खास वर्ग घ्या.

तुमच्याबरोबर कुणी जर्मन माध्यमाला जाणारा असेल तर त्याच्यासाठी थोडक्यात: डीएसएचची लेखी आणि तोंडी परीक्षा वेगवेगळी मोजतात आणि जी कमी असेल तिच्यावर निकाल ठरतो. ५७ टक्क्यांना डीएसएच-१, ६७ ला डीएसएच-२, ८२ ला डीएसएच-३. बहुतेक अभ्यासक्रमांना डीएसएच-२ लागते. लेखीत श्रवण, वाचन, शास्त्रीय भाषेची रचना आणि लेखन यांचे वजन २:२:१:२ असते, त्यामुळे व्याकरणाच्या कोड्यांवर महिने घालवून श्रवण कच्चे ठेवणे महागात पडते. टेस्टडाफ ही अशीच दुसरी परीक्षा भारतातूनही देता येते. तिथे सहसा चारही भागांत चौथी पातळी मागतात.

तुमच्यासाठी आत्ताचा क्रम असा. जूनच्या सुरुवातीला ए२ चा रोजचा इंटेन्सिव्ह धरा. सुमारे १५० तासिका, आठवड्याला २० ते २५ धरल्या तर सहा ते आठ आठवडे. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या भाषाकेंद्राचे पान उघडून चाचणीची आणि नोंदणीची तारीख-वेळ भारतीय घड्याळात लिहून ठेवा. विम्याचा 'एम १०' गेला का हे विमा संस्थेला आणि विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला दोघांनाही विचारा. आणि बॅग भरताना ए२ ची स्वतः सोडवलेली वही बरोबर घ्या: पुस्तक तिथे नवे मिळेल, पण तुमच्या स्वतःच्या चुका लाल शाईत फक्त त्या वहीतच आहेत, आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात त्याच उपयोगी पडतात.